फक्कीचं घर

मी पिक्चरमध्ये हिरोचं काम केलंय. कॅमेरा अकराव्या मजल्याच्या गॅलरीत होता आणि मी खाली जमिनीवर, त्यामुळे अख्ख्या पिक्चरमध्ये माझं फक्त टक्कल दिसतं.

पिक्चरचं पुढे सांगतो. आधी गाव सोडलं ते सांगू दे, कारण सगळी गडबड तिथून सुरू झाली.

मी सोळा वर्षांचा असेन. नक्की माहीत नाही. जन्मतारीख शाळेत मास्तर ठरवायचे आणि मी शाळेत दुसरीच्या पुढे टिकलो नाही. आज हे सगळं मी फोनला बोलतोय, फोन लिहितोय आणि माझी पोरगी प्रणाली चुका काढतेय. आमच्या गावकरी मंडळाच्या अंकाला आठवणी पाहिजेत असा निरोप आला तेव्हा ती बोलली, "पप्पा, तुम्ही बोला, पण जोक कमी." बघू किती जमतंय.

तर माझा मामा घाटकोपरला गवंडीकाम करायचा. तो सुट्टीला आला आणि आईला बोलला, ह्याला घेऊन जातो, इथं नुसता हुंदडतोय. फाट्यावर सकाळी आठला एसटी यायची. आमची अर्धी वस्ती सोडायला आली. आई, बाबा, दादा, शेजारच्या म्हाताऱ्या, दोन कुत्री. मी तिथंच भाषण ठोकलं. वर्षात परत येतो, हातात घड्याळ असेल, दादाला रेडिओ आणतो, आईला लुगडं. आई पदराने डोळे पुसत होती. मामा पानाच्या टपरीवर गेला होता तेवढ्यात एसटी आली. मी ऐटीत चढलो, खिडकीतून हात हलवला, गाडी निघाली.

ती गाडी म्हसवडला चालली होती. आम्हाला जायचं होतं उलट्या बाजूला, दहिवडीला. कंडक्टरने पुढच्या वळणावर उतरवलं आणि मी पेटी डोक्यावर घेऊन चालत परत आलो, तर सगळी वस्ती अजून फाट्यावर उभी. मामा कपाळाला हात लावून. दुसऱ्यांदा खरी गाडी आली तेव्हा कोणी रडलं नाही. आई तर तोंडाला पदर लावून हसत होती.

बाबा तेवढे हसले नाहीत. ते तसे कमीच बोलायचे, आणि बोलताना जमिनीकडे बघायचे. ते बोलले, "जा लेका. हितं तुजी जागा हाय."

एवढंच. मी ते वाक्य घेऊन मुंबईला आलो आणि पस्तीस वर्षं ते धरून बसलो. त्याचा त्रास कोणाला झाला ते येईलच पुढे.

आमचं घर माळवदाचं. अंक वाचणाऱ्या पोरापोरींना माहीत नसेल म्हणून सांगतो. भिंती दगडमातीच्या, वर लाकडाच्या तुळया, तुळयांवर फाटे आणि पाला, आणि त्यावर हातभर मातीचा थर. म्हणजे छतच मातीचं, सपाट. दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती नेऊन टाकायची, नाहीतर पाणी आत येतं. दार एवढं बुटकं की पाहुणा आधी डोकं आपटायचा आणि मग जयभीम करायचा. पुढे सोपा, मग माजघर, कोपऱ्यात चूल, भिंतीत धान्याचं बळद. माळवदावर चढलं की अख्खं गाव दिसायचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, त्यामुळे गाव बघायचं तर वर चढायला लागायचं. मी तिथं उताणा पडायचो. आई खालून ओरडायची, "माळवद खचल रं, उतर खाली." मी तेव्हा काठीसारखा होतो, माझ्याने काय खचणार. पण आईला माझ्यापेक्षा माळवदाची काळजी जास्त.

घाटकोपरला डोंगरावर मामाची खोली. एकाच्या पत्र्यावर दुसऱ्याचा उंबरा, असं वरपर्यंत. पहिल्या दिवशी मी दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसलो आणि त्यांनी चहापण दिला. मग कळलं मामा दोन गल्ल्या वर राहतो. कामाला लागलो. पहिली भिंत मी एकट्याने उभी केली त्याचा मला फार माज होता. मिस्त्री आला, त्याने ओळंबा लावला, भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नुसता पाय लावला. भिंत आडवी. मला बोलला, "आता माणसासारखी बांध." सहा महिने मी त्या मिस्त्रीच्या शिव्या खाल्ल्या आणि त्यातून जे शिकलो त्याच्यावर आजपर्यंत खातोय.

पुढे लग्न झालं. सुनंदा आमच्याच तालुक्यातली. डोंगरावर आमची स्वतःची खोली झाली, पोरं झाली, मी गवंडीकामातून लादीकामात आलो. मग डोंगर उतरवून आम्हाला खालच्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर टाकलं. झकास घर आहे, खोटं कशाला बोलू. नळाला पाणी, संडास आत. लाद्या मी स्वतः लावल्यात, पवईच्या वेगवेगळ्या फ्लॅटमधून उरलेल्या. त्यामुळे आमच्या हॉलमध्ये चार बाथरूम आणि एका जिमची लादी आहे. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की तिथं काय तळतायत ते वासाने कळतं आणि कोण भांडतंय ते आम्ही खुर्ची टाकून बघतो. डोक्यावर छत आहे, पण ते वरच्या माणसाची जमीन आहे. तिथं उताणं पडायला मला परवानगी नाही.

लादी लावायचं काम गुडघ्यावर असतं. दिवसभर मान खाली. तोंडाने मी जोक मारत असतो, पण डोकं मोकळं असतं, आणि ते गावाला जातं. फाट्यावरून खाली उतरतं, विहिरीला वळसा घालतं, दारात वाकतं, आत जातं. पवईत अठराव्या मजल्यावर दुसऱ्याच्या बेडरूममध्ये गुडघे टेकून मी किती वेळा आमच्या सोप्यात जाऊन आलोय, मोजलं नाही. शरीराने मात्र दोन-तीन वर्षांतून एकदा जातो. लग्न नाहीतर मयत. तेही मांडवात उतरायचं, जेवायचं, संध्याकाळची गाडी पकडायची. घरात धड आत जाऊन बसलोय असं बाबा गेल्यापासून, म्हणजे पंचवीस वर्षांत, झालं नाही.

आणि अशात दादाचा फोन आला.

दादा गावाला घर सांभाळून आहे. आईबाबांचं शेवटचं सगळं त्यानेच केलं. तो बोलला, "घरकुलाच्या यादीत नाव आलंय आपलं. जुनं पाडून तितंच पक्कं बांधायचं. उताऱ्यावर तुजंबी नाव हाय, तवा तुजं संमतीपत्र लागतंय. एक दिवस येऊन जा."

मी बोललो, "बघू की दादा, घाई काय आहे."

घाई त्याला होती. मला नव्हती. मी काय काय कारणं दिली ते सांगताना आता लाज वाटते, पण प्रणालीने हे काढू नये असं मी तिला सांगून ठेवलंय. एकदा बोललो साइटवर आहे. एकदा बोललो रेंज नाही, आणि ते फोनवरच बोललो. एकदा बोललो लिफ्टमध्ये आहे, आवाज कट होतोय, तेव्हा मी नाक्यावर चहा पीत होतो. एक वर्ष गेलं, दुसरं अर्धं गेलं. दादा बोलला, मार्चपर्यंत काम सुरू केलं नाही तर यादीतून नाव जाईल. मी बोललो, दिवाळीला येतो आणि मीच ते माळवद टकाटक करून देतो, पाडायचं कशाला, असली घरं आता बघायला मिळत नाहीत.

सुनंदा भाकरी करत होती, ती तिथूनच बोलली, "आयुष्यभर लोकांच्या घरात लादी बसवली. भावाला मातीत ठेवा."

"अगं, बाबांची आठवण आहे ती."

"मग आठवणीत जाऊन राहा. चार दिवस राहून दाखवा."

मी हसण्यावारी नेलं. मी सगळंच नेतो. पण खरं कारण मला माहीत होतं. ते घर गेलं की बाबा बोलले ती जागा गेली. मग मी कुठला, चार बाथरूम आणि एका जिमचा?

आता पिक्चर.

पवईला एका फ्लॅटमध्ये किचनची लादी लावत होतो. त्या घरातली मुलगी रेवा. घरांचे नकाशे काढायचं मोठं कॉलेज केलंय तिने, आणि आता नकाशे सोडून छोटे पिक्चर काढते. तिच्या आईवडिलांना त्याचं फुल टेन्शन. मी दोरी ताणून, खडूने लाइन मारत होतो, तर ती येऊन बघत बसली. तिने विचारलं, "काका, घर बांधताना पण असंच आखतात का?"

मी बोललो, "हो, पण मोठं. जमिनीवर खुंट्या मारायच्या, दोरी ताणायची आणि दोरीवरून फक्की सोडायची. फक्की म्हणजे चुन्याची पांढरी पूड. भिंत जिथं येणार तिथं पांढरी रेघ. मग त्यावर खोदायचं."

"तुम्ही लहानपणी राहिलात ते घर असं आखाल? खऱ्या मापाचं? मला त्याची फिल्म करायचीय."

"करू की. गोष्ट काय आहे?"

"गोष्ट नाहीये. एक्सपेरिमेंटल आहे."

"गाणं?"

"नाही."

"मारामारी?"

"नाही काका."

"मग लोक बघणार काय?"

"जागा," ती बोलली. "माणूस घर सोडून येतो तेव्हा ते घर कुठे जातं, तेवढंच बघायचंय."

मला वाटलं, ही पोरगी फार शिकल्यामुळे अशी झालीय. पण हिरोचा रोल आहे बोलल्यावर मी कशाला सोडतोय.

तिचे नियम होते. कोणाला विचारायचं नाही, फोटो बघायचा नाही, गावाला फोन करायचा नाही. फक्त आठवणीतून काढायचं. माझ्याआधी तिघांनी काढलं होतं. त्यांना फक्की कशी सोडतात ते माहीत नव्हतं, त्यांची घरं पीठ सांडल्यासारखी दिसत होती असं तीच बोलली. मी मनात बोललो, आता बघ मिस्त्रीचं घर.

आमच्या बिल्डिंगच्या मागे मोकळी जागा आहे, पार्किंगसाठी ठेवलेली. गाड्या कोणाकडे आहेत. रविवारी सकाळी फक्कीच्या दोन गोण्या, दोरी, खुंट्या आणि काटकोन बघायचा लाकडी गुण्या घेऊन उतरलो. रेवाचा कॅमेरा आमच्या गॅलरीत. फोन बंद ठेवायचा असल्यामुळे रेवा सुनंदाच्या कानात सांगणार आणि सुनंदा अकराव्या मजल्यावरून ओरडणार अशी सोय होती.

"डावीकडं सरका. अहो डावीकडं. जेवायच्या हाताच्या उलट."

सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. वॉचमनने विचारलं, कबड्डी आहे का? तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाई खाली येऊन बोलल्या, "कोण साहेब येतायत? फक्की टाकताय म्हणजे कोणीतरी मोठा असणार."

मी बोललो, "मीच."

त्या परत वर गेल्या.

काम सुरू केलं आणि दहा मिनिटांत मी गप्प झालो. हे माझ्या बाबतीत होत नाही. सोपा आखला, पावलं बरोबर पडत होती. माझ्या पायाला माप माहीत होतं. सोप्याची पायरी, मेढीचा खांब, जिथं बाबा पाठ टेकून बसायचे. माजघर. चुलीचा कोपरा. बळद. प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावला, एकदम काटकोनात बसवलं. मग पाठीमागच्या भिंतीला आलो आणि अडकलो. मागे काय होतं? मागचं दार होतं की नव्हतं? परडं कुठल्या बाजूला? फक्कीचा डबा हातात धरून उभाच राहिलो. वरून सुनंदा ओरडली, "रेवा विचारतीय, का थांबलात?"

कळत नसलं की मिस्त्री काय करतो? सरळ लाइन मारतो आणि मोकळा होतो. मी तेच केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ, विषय संपला.

आता गंमत अशी की आखलेलं घर नेहमी लहान दिसतं. नवीन घर बांधणारा मालक फक्की बघून घाबरतो. मला बोलतो, एवढंच? मी सांगतो, साहेब, भिंती उठल्या की मोठं वाटेल. शेकडो लोकांना हे सांगितलंय. त्या दिवशी आमचं घर असं पार्किंगच्या कोपऱ्यात, दोन गाड्यांच्या जागेत मावलेलं बघितलं आणि स्वतःला तेच सांगायला गेलो. पण ह्याच्या भिंती उठणार नव्हत्या.

मग सुनंदा ओरडली, "रेवा म्हणतीय, आता घरात जा. रोज जायचात तसं."

मी दारातून आत गेलो आणि वाकलो.

तिथं दार नव्हतं. वर काही नव्हतं, मोकळं आभाळ. तरी मान खाली गेली आणि हात वर तुळईला लागतो तसा वर गेला. आत गेलो, मेढीजवळ थांबलो, चुलीकडे गेलो, पाणी प्यायला भांडं घेतो तसा हात केला. सगळी बिल्डिंग वरून बघत होती आणि कोणी हसत नव्हतं. नंतर लोकांनी विचारलं डोळे का लाल झाले. मी बोललो, फक्की गेली डोळ्यात.

पिक्चर अंधेरीला एका हॉलमध्ये दाखवला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, सुनंदाने लग्नातली साडी. अकरा मिनिटांचा पिक्चर. आधीच्या तिघांची घरं, मग माझं. वरून पांढऱ्या रेघा, आणि त्यातून फिरणारं एक चकचकीत टक्कल. दारात ते टक्कल खाली जातं आणि परत वर येतं, तेव्हा हॉलमध्ये कोणीतरी 'वा' बोललं. पिक्चर संपल्यावर एका माणसाने इंग्लिशमध्ये मोठा प्रश्न विचारला. रेवाने मला सांगितलं, "ते विचारतायत, तुमच्यासाठी घर म्हणजे काय?"

मी बोललो, "हवा खेळती पाहिजे आणि बाथरूमचा उतार नीट पाहिजे."

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं मी काहीतरी खोल बोललो.

माझी छाती एवढी फुगली की प्रणालीला सांगून पिक्चर दादाच्या फोनवर पाठवला. खाली तिच्याकडून लिहून घेतलं, बघ दादा, असं घर पाडतात का? म्हणजे बघा, माझा माज.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. दादा नव्हता, वहिनी होत्या. मी गाव सोडल्यावर दोन वर्षांनी दादाचं लग्न झालं, त्या घरात वहिनी तेव्हापासून आहेत. माझ्याशी त्या कधी फार बोलल्या नाहीत. 'बरं हाय ना भावजी', बास.

"भावजी, पिच्चर बगितला. टक्कल चांगलं दिसतंय."

"वहिनी, घर कसं काढलंय?"

"कुणाचं हाय?"

"कुणाचं काय, आपलं."

"आपलं न्हाई," वहिनी बोलल्या. "दावू का आपलं?"

आणि त्या फोन हातात धरून घरात फिरल्या. सोप्यात चूल होती. सोप्यात, जिथं बाबा बसायचे तिथं. का? कारण मागची भिंत प्रणालीच्या जन्माच्या वर्षी पडली होती, दादाने ती दोन हात पुढे घेऊन परत रचली आणि माजघर निम्मं झालं. मी जी सरळ लाइन मारून मोकळा झालो होतो, ती भिंत वीस-बावीस वर्षं जागेवर नव्हतीच. माजघरात तीन ठिकाणी लाकडाचे टेकू. मधली तुळई उभी तडकलेली. एका भिंतीला पोट आलेलं, कुठं काटकोनाचं नाव नाही. मी दारात वाकलो त्याचं अंधेरीच्या लोकांना कौतुक. वहिनी अख्ख्या घरात वाकून चालत होत्या.

मी विचारलं, "माळवदावर पांढरी माती कोण टाकतं आता?"

"मीच की. तुमच्या दादाचं गुडगं गेल्यापासनं. गेल्या उन्हाळ्यात शिडीवरनं पाटी सुटली, आन् पाटीमागनं मी."

मला आठवलं. दादाने तेव्हा फोनवर सांगितलं होतं, हिचं जरा कंबरेत लचकलंय. मी काय बोललो असेन? मी बोललो होतो, वहिनी ह्या वयात कबड्डी खेळायला लागल्या काय. आणि स्वतःच हसलो होतो.

"वहिनी, मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगाय फोन केल्ता. तुमी लिफ्टमदी होता."

फोन ठेवला. सुनंदाने काही विचारलं नाही, तिने नुसता चहा ठेवला पुढ्यात. तिने बोललेलं मला परवडलं असतं.

गावाकडच्या लोकांनो, तुम्हाला वाटतं आम्ही मुंबईला आलो आणि गाव विसरलो. आम्ही विसरलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही सोळाव्या वर्षी बघितलेलं गाव जसंच्या तसं डोक्यात ठेवलं, त्याची एक काडी हलवू दिली नाही, आणि तुम्ही त्याच्या खाली राहत होता. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले, कोणी कल्याणला, कोणी पुण्याला, कोणी दुबईला, त्यांना एवढंच विचारतो, तुमच्या मागच्या भिंतीची खात्री आहे का? मी मिस्त्री आहे, मला नव्हती.

त्याच आठवड्यात गावाला गेलो. फाट्यावर बरोबर एसटीतून उतरलो, एवढं तरी जमलं. ग्रामपंचायतीत जाऊन सही केली. दादा बाजूला उभा होता. मी बोललो, "दादा, उशीर केला मी." तो बोलला, "चल, जेवून घे." आमच्यात माफी अशीच होते.

घर पाडायला अर्धा दिवस पुरला. मला वाटलं होतं मोठा आवाज होईल, काहीतरी निघेल, आईचं भांडं, बाबांचं काही. काही निघालं नाही. माती होती, ती मातीत गेली. दादाने दोन चांगल्या तुळया बाजूला काढल्या. संध्याकाळपर्यंत तिथून पलीकडचं गाव सरळ दिसायला लागलं, वर न चढता. ते मला फार विचित्र वाटलं. मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिलो आणि खरं सांगतो, पवईत गुडघ्यावर बसून मी ज्या घरात जायचो ते अजून तसंच होतं. ते पाडायला कोणाची संमती लागत नाही आणि त्यात कोणाला राहायला पण येत नाही. आता मला ते पुरतं. राहणाऱ्यांचं घर वेगळं, ते त्यांच्या मापाने व्हायला पाहिजे.

नवीन घराची आखणी मीच करणार असं ठरलं. तेवढा एक मान मला मिळाला. सकाळी खुंट्या मारल्या, दादाने दोरी धरली, गुण्या लावला, फक्की सोडली. वस्तीतले लोक जमले, म्हातारे, पोरंसोरं. कोणीतरी बोललं, हा बघा पिच्चरवाला. मग काय, मला राहवलं नाही. फक्कीचा डबा खाली ठेवला, त्या पांढऱ्या रेघांच्या आत मधोमध उभा राहिलो आणि सुरू झालो. बोललो, मंडळी, ह्याच मातीवर आमच्या आईने आम्हाला वाढवलं. मी दूर गेलो, पण माझा जीव इथंच होता. आज इथं उभा आहे तर पायाखाली काय वाटतंय ते मला सांगता येत नाही. आणि खरंच सांगता येईना, डोळे भरले, आणि ह्या वेळी फक्कीचं नाव सांगायची सोय पण नव्हती. दादा मान खाली घालून दोरी गुंडाळत होता.

वहिनी कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. मी जिथं उभा होतो तिथं खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"भावजी, सरका तितनं. माज्या सैपाकाच्या वट्यावर उभं हायसा."